चारची वेळ

१ जुलै
एम.ए.च्या मुलांना आजपासून विद्यार्थी सेवेचं ट्रेनिंग. हॉस्टेल, स्कॉलरशिप, समुपदेशन. विद्यापीठात उद्या याच नोकऱ्या. मुलं दोन, नाजिया आणि अर्पित. छोटा ग्रुप, सखोल काम. या सेवेत ऐकणं महत्त्वाचं, यावर दीड तास बोललो. संकल्प: यापुढे कमी बोलणार.

४ जुलै
प्रॅक्टिकल. समुपदेशन कक्ष रोज दुपारी चारला. पडदा लावला. नाजिया म्हणाली, सर, चारले किन्हीराजाची बस असते, पोरी कायले थांबतीन? तिला शिस्त समजावली. मी मोटारसायकलवर कारंज्याहून मालेगावला येतोच ना.

१९ जुलै
अजून कोणी आलं नाही. म्हणजे कॉलेजात समस्या नाहीत. प्राचार्यांना तसं कळवलं.
नाजिया चारला गायब. बसस्टँडवर पोरींशी गप्पा मारते, असं अर्पित म्हणाला. अशानं करिअर होत नसतं. रागावलो. म्हणे, पोरी तिथंच बोलतात सर.

२ ऑगस्ट
वाशीमला विद्यापीठाच्या नव्या केंद्रात विद्यार्थी सहायकाची जागा. कायम! दोघांकडून अर्ज करवून घेतले. माझाही केला, मुलांना स्पर्धा मिळावी म्हणून. रेणूला म्हटलं, तुझ्या नवऱ्याचे तासिकेवर शिकवायचे दिवस संपले. ती म्हणाली, पोरायची जागा खाऊन राह्यले काय तुमी? तिला करिअर कळत नाही.

१४ ऑगस्ट
मुलाखत. विद्यार्थी कक्षात आलेच नाहीत तर, असं पॅनेलनं विचारलं. मी म्हणालो, तर सेवा यशस्वी. तिघांनीही कागदावर काहीतरी लिहून घेतलं. प्रभावित असावेत.
बाहेर अर्पित घाबरला होता. त्याला धीर देत होतो, तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं. दोघांनाही ऐकू आलं नाही.

३० ऑगस्ट
नाजियाची निवड. माझ्या ट्रेनिंगचा विजय. पेढे मीच वाटले. रेणूनं एक घेतला.

५ सप्टेंबर
मोटारसायकल बंद. साडेतीनलाच मालेगाव बसस्टँडवर. बाकावर नाजिया, पोरींना भेटायला आलेली. सरकून म्हणाली, बसा सर, चेहरा काहून उतरला? काही नाही म्हटलं. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. मग मीच बोललो. जागेचं, रेणूचं, तासिकांचं, पुढं काय करायचं त्याचं. ती ऐकत होती. छान ऐकते. मीच शिकवलंय.
किन्हीराजावरून कारंज्याला जाणारी बस कधी गेली कळलं नाही.
उद्या परत भेटशील का, विचारलं. हो म्हणाली. पण चारच्या आधी या सर, चारले तुमची बस असते.