तोरगुलचा मेंढा

३ डिसेंबर १९११
आज सरहद्दीवरच्या ह्या बुरुजावर हजर झालो. असल्या गारठ्यात स्वतःहून बदली मागणारा जमादार म्हणजे इमानदारीचा पुतळाच, असं साहेबाला वाटतं. वाटू दे! बुरुजाच्या बरोबर खाली तोरगुलचं घर आहे. थोरल्या भावाला, माझ्या लालाला, ह्याच तोरगुलनं झऱ्यावर पाणी पिताना पाठीत गोळी घालून मारलं होतं. बंदूक सरकारची, काडतुसं सरकारची, सूड तेवढा माझा. ह्याहून चांगली नोकरी कुठली? नान आणि कबाब वाढताना खानसामा लाजबरनं विचारलं, "जमादारसाहेब, चेहरा भलताच खुललाय. लग्नबिग्न ठरलं की काय?" मी म्हटलं, तसंच समज.

६ डिसेंबर
म्हाताऱ्या तोरगुलला सुगावा लागला. दुपारी फाटकाशी आला. दातांत गवत, गळ्यात कफन, हातात मेंढ्याची दोरी. असं शरण आलेल्याला आत घेतलं, त्याचा मेंढा कापून खाल्ला, की वैर मिटलं. मग तो आपला पाहुणा, आणि त्याच्यासाठी जीव द्यायचा आपण. लालाचं रक्त एका मेंढ्यावर सोडून देऊ? लाजबरला म्हटलं, जमादार घरी नाही म्हणून सांग. तो पुटपुटला, "असा आला तर सैतानालाही दार उघडतात. पख्तून आहात ना तुम्ही?" मी त्याला गप्प बसवलं. बर्फ पडायला लागला आहे. म्हातारा बसलाय अजून. बसू दे.

७ डिसेंबर
सकाळी फाटक उघडलं तर तोरगुल तसाच बसलेला, गोठून लाकूड झालेला. गवत अजून दातांत. मी पोट धरून हसलो. एक गोळीसुद्धा खर्ची पडली नाही! शिपाई मात्र कोणी हसले नाहीत. त्याचे मुलगे प्रेत घेऊन गेले, मेंढा तिथंच सोडून. मी तो कापायला लावला. लाजबर गयावया करत होता, की खाल्लात तर आसरा दिल्यासारखं होईल. मेलेल्याला कसला आसरा? लालाच्या नावानं पहिला घास मीच घेतला. मटण झकास झालं होतं.

१० डिसेंबर
तो चुलीपाशी बसतो, माझ्या जागेवर. अंगावरचा बर्फ वितळत नाही. दातांत गवत नाही आता. पाहुण्याला ते कशाला लागेल? लाजबर मुकाट्यानं त्याच्यापुढं चहा ठेवतो, आणि पेला रिकामा होतो. मी गोळी झाडली. भिंतीला भोक पडलं. लाजबर ओरडला, "पाहुण्यावर?" म्हाताऱ्यानं रिकामा पेला पुढं केला. मला भीती वाटते.

१२ डिसेंबर
भर दुपारी झऱ्याकडून कोणी तरी वर येतंय. चाल ओळखीची — हनुवटीवरून पाणी गळतंय — लाला! शिपाई पळाले.

फाटकाबाहेरून म्हणतोय, तोरगुलला माझ्या हवाली कर, नाहीतर आडवा येणाऱ्याला आधी मारीन. पाहुण्याला कसा हवाली करू? मेंढा खाल्लाय मी —

म्हातारा पाठीशी येऊन उभा राहिलाय. खांद्यावर हात, बर्फासारखा गार. म्हणतो, "जमादार, मी तुमच्या भरवशावर आहे."

फाटक वाजतंय. लाजबरला म्हटलं, सांग — जमादार घरी नाही — तो म्हणतो, ह्या दारात पुन्हा खोटं बोलणार नाही. अडसर काढतोय —

लाला, मी तुझ्याचसाठी —