मारवाडी घोडीची आयाळ

बाबा,

गेल्या महिन्यात गुरुग्रामच्या घोड्यांच्या फार्मवर तुमचे नालबंद भेटले. दिल्लीच्या घोडेस्वारी क्लबात तुम्ही शोचे घोडे तयार करायचात, तेव्हा तुमच्या बरोबरीनं इतकी वर्षं घोड्यांना नाल ठोकणारे, तेच. आता पंचाहत्तरी उलटलीय. हातोडी जावई चालवतो, हे शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि जावयाच्या प्रत्येक खिळ्याला नावं ठेवतात. मला त्यांनी ओळखलं. मी शिकवत होते ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मग जे बोलले, त्यामुळे आज हे लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या उशिरा कसलं पत्र, असं तुम्ही म्हणाला असतात. पण हे तुमच्यासमोर उभं राहून बोलायचं होतं. ते जमलं नाही.

गोष्ट क्लबाचे सभासद ठाकूरसाहेब यांच्या मारवाडी घोडीची. घोड्यांच्या शोच्या आदल्या दिवशी तिची आयाळ मुळापासून भादरली गेली. क्लबातले सगळे मानत आले की ती तुम्ही भादरलीत. केस कापायचं मशीन माझ्या हातात होतं, हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक. निदान मी तसं समजत होते.

मी काय करते ते आधी सांगते, कारण तुमच्या डोळ्यांसमोर मी अजून सत्तावीस वर्षांचीच असेन. तुमच्या मनासारखी केंद्र सरकारच्या कचेरीत आहे, आठवडाभर फायली हलवते. राहते नोएडाला. रविवारी मात्र पहाटे गाडी काढून फार्म गाठते आणि तिथल्या साईस लोकांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांना, आणि घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलामुलींना शोसाठी घोडा तयार करायला शिकवते. तुमची नात एकदा सोबत आली होती. 'खरारा कर' म्हटलं तर म्हणाली, "आई, खरारा मतलब?" मी तिच्या हातात ब्रश दिला आणि म्हटलं, मतलब हा. तुम्ही तर पलटणीतल्यासारखं 'मालिश' म्हणायचात, आणि आजी गावाहून आली की खरारा म्हणायची. शब्द दोन, पण मान मोडून करायचं काम एकच.

तिथल्या भिंतीवर मी एक मोठा तक्ता लावलाय. सगळं तुमच्याच तोंडून ऐकलेलं. थरोब्रेडची, शर्यतीच्या घोड्याची, कातडी पातळ, त्याला गुदगुल्या होतात. पोटाखाली जोर लावलात तर लाथ ठरलेली, तिथे नुसता तळहात. ड्रेसाजला, म्हणजे तालात चाली करून दाखवायला, जाणार असेल तर आयाळ विंचरून, आखूड करून, एकसारख्या छोट्या वेण्या घालायच्या आणि गोल गुंडाळून दोऱ्यानं शिवायच्या, म्हणजे मानेची कमान परीक्षकाला दिसते. उड्यांना जाणाऱ्याला एवढा नखरा नको, नीटनेटकं पुरे. परदेशातून आणलेले धिप्पाड वॉर्मब्लड आता फार झालेत, पंख्याखाली उभे असतात. अंगानं थंड आणि स्वभावानंही. तासभर घासा, झोप काढतील. पोलोच्या घोड्याची आयाळ साफ उतरवायची, शेपूट वर बांधायची, नाहीतर काठी आणि लगाम त्यात अडकतात. भाल्यानं जमिनीतली खुंटी उचलायच्या नेजाबाजीचा घोडा तर डोळ्यांसमोरून असा जातो की कुणाला त्याचा रंगही सांगता येत नाही. तुम्ही म्हणायचात, "ड्रेसाजचा घोडा लोक निरखून बघतात, नेजाबाजीचा कुणी बघत नाही. पण धूळ दोघांच्या अंगावर सारखीच बसते." आणि तक्त्याच्या तळाशी लाल अक्षरांत: मारवाडी. कैची नाही, मशीन नाही. लांब आयाळ आणि कपाळावरची बट हाच तिचा दागिना. गुंता बोटांनी सोडवायचा.

वेण्या घालायला मी कुठे शिकले, आठवतं? आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. सकाळी आईच्या एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर चहा, आणि तुम्ही मला पाटावर बसवून माझ्या केसांवर ड्रेसाजच्या वेण्या घालून दाखवताय. तिचं सरसूचं तेल तुम्ही रोज घोड्यांसाठी पळवायचात, त्यामुळे ती आधीच तापलेली. "मुलगी आहे ती, घोडं नव्हे," ती म्हणते. तुम्ही म्हणता, "घोडं शांत उभं राहतं. ही हलते." डोक्यावर सात गुंडाळ्या घेऊन मी शाळेत गेले आणि बाईंनी परत पाठवलं. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. आता मी वर्गात तीच वेणी घालते तेव्हा बोटं आपोआप तुमच्यासारखी चालतात, आणि मला फार बरं वाटतं.

तर तो दिवस. मी एकोणीस वर्षांची. माझा हात साईस लोकांपेक्षा हलका आहे असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात, म्हणून ठाकूरसाहेबांची घोडी तुम्ही माझ्यावर सोपवलीत. मुश्की रंगाची, काळीभोर, कानांची टोकं वर एकमेकांना टेकलेली, आणि आयाळ पार खांद्याखाली. दुपारी एका घोड्याच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि तुम्ही त्याला गाडीत चढवून जनावरांच्या दवाखान्यात निघालात. गाडीच्या फळीवर एक पाय ठेवून मला म्हणालात, "आयाळीला कैची लावायची नाही. तेल घे, बोटांनी सोडव. संध्याकाळ झाली तरी चालेल." मी 'हो' म्हटलं. हे मी इथे मुद्दाम लिहितेय. तुम्ही सांगितलं होतं, स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी नीट ऐकलं होतं.

पण संध्याकाळ झालेली मला चालणार नव्हती. कॉलेजच्या मैत्रिणी चार वाजता कनॉट प्लेसला थांबणार होत्या, सिनेमाला जायचं होतं. घोडी सकाळी रिजच्या जंगलातून फिरवून आणली होती, आणि मानेच्या मधोमध आयाळीत गोखरूचे काटे अडकून मुठीएवढी गाठ झाली होती. तासभर मी तेल लावून सोडवत बसले. एक काटा निघाला की दुसरा घुसायचा. घड्याळात तीन वाजले. मी कैची आणली आणि ती एकच गाठ कापली. मानेवर मोठी खाच दिसायला लागली. खाच लपवायला दोन्हीकडचं थोडं कापलं, मग एक बाजू लांब वाटली, मग दुसरी. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी कैचीलाच बोथट म्हटलं. शेवटी जे उरलं ते इतकं वेडंवाकडं होतं की पोलोच्या घोड्यांचं मशीन लावून सगळंच उतरवलं. आणि मग मला कळलं की मी काय केलंय. मी सिनेमाला गेले नाही. घोडीच्या पुढ्यात पोत्यावर बसून रडत राहिले.

तुम्ही परत आलात तेव्हा ऊन उतरलं होतं. तुम्ही घोडीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"काय केलंस?"

"मला वाटलं पोलोची आहे."

हातच्या काकणाला आरसा कशाला. ते कान पाहून शेंबड्या पोरालाही कळलं असतं की ही मारवाडी.  तुम्ही तिच्या उघड्या मानेवरून तळहात फिरवलात, दोनदा. म्हणालात, "घरी जा. आईला सांग मला उशीर होईल." एवढंच. ओरडला असतात तर मी त्याच क्षणी खरं सांगून टाकलं असतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. म्हणजे खापर शेवटी तुमच्याच डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकूरसाहेब आले. घोडीचा दोर माझ्या हातात आणि तुम्ही माझ्या पुढे, सावधानमध्ये उभे. "साहब, ग़लती मेरी है। मशीन मैंने चलाई।" ठाकूरसाहेब चिडले नाहीत. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "आपने? आप जैसे आदमी ने?" मग घोडीच्या मानेला हात लावून म्हणाले, "दो साल लगेंगे," आणि निघून गेले.  घोडी शांत उभी होती, हलत होते ती मी. खरं सांगायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

त्यानंतर तुमच्याकडून शोचे घोडे काढून घेतले. क्लबाच्या सेक्रेटरींनी गोड शब्दांत सांगितलं, आता वय झालं, बच्चों वाली लाइन संभालिए. शेवटपर्यंत तुम्ही एका म्हाताऱ्या तट्टाचा दोर धरून लहान मुलांना गोल गोल फिरवत राहिलात. त्या तट्टाचाही खरारा तुम्ही असा करायचात की त्याच्या पाठीत तोंड दिसावं. आठ वर्षं मी ते पाहिलं. त्या दिवसाचा विषय तुम्ही एकदाही काढला नाहीत, आणि मला वाटलं, विसरलात.

आता त्याहून वाईट. फार्मवर शिकवायला लागल्यापासून मी ही गोष्ट प्रत्येक तुकडीला सांगते. अशी सांगते: "माझे वडील एवढे जाणकार, पण घाईत एकदा चुकले, मारवाडी घोडीची आयाळ उतरवली. म्हणून हात लावण्याआधी जात बघा, कशासाठी जाणार ते विचारा." मुलं वहीत लिहून घेतात. फार चांगला धडा आहे. गेल्या महिन्यातही तो दिला, आणि सगळे पांगल्यावर नालबंदांनी मला खुणेनं बोलावलं.

"बेटी," ते म्हणाले, "उस दिन तो वो मेरे साथ थे। बीमार घोड़े को लेकर अस्पताल गए थे, गाड़ी में सिर मैंने पकड़ा था।"

 ते बोलत राहिले. संध्याकाळी तुम्ही मला घरी पाठवून स्वतः झाडू घेतलात म्हणे. जमिनीवर सगळ्यात खाली लांब केस होते, वर आखूड, त्यावर मशीनचा भुसा. त्या खालच्या केसांत तुम्हाला ती गोखरूची गाठ सापडली. ती तुम्ही नालबंदांना दाखवलीत. "बोले, देख, पोलो-वोलो कुछ नहीं। गाँठ नहीं सुलझी लड़की से। फिर बोले, किसी से कहना मत। वो ख़ुद बता देगी।"

मी गाडीत जाऊन बसले. फरीदाबादच्या वळणापर्यंत उगीचच गाडी चालवत गेले आणि तिथून परत फिरले. बाबा, पोलोचं ते खोटं तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला त्याची लाज वाटते, आणि त्याहून जास्त वाटते ती त्या आठ वर्षांची. संध्याकाळी चहा पिताना तुम्ही कधी कधी कप खाली ठेवून माझ्याकडे नुसते बघत बसायचात. मी विचारायचे, "काय झालं?" तुम्ही म्हणायचात, "कुठे काय." तुम्ही वाट बघत होतात. सुरुवात माझ्याकडून व्हायची होती.

आज सकाळी नवी तुकडी आली. तक्त्यापर्यंत आले, लाल अक्षरांवर बोट ठेवलं आणि गोष्ट सांगायला लागले. सगळी सांगितली: गाठ, कैची, खाच, मशीन, पोलोचं खोटं. एका मुलीनं विचारलं, "मॅम, किया किसने था?" नालबंद तिथेच खुर्चीत होते, जावयाला बोलता बोलता थांबले. मी म्हटलं, "थी एक लड़की, क्लब में।"

तुमच्यावरचा दोष मी उतरवला, बाबा. पण 'ती मी' असं अजून म्हटलेलं नाही.