भाकरीवरची करंगळी

कोयनानगर

सौ. अनसूया हिस अंबादासचे आशीर्वाद.

काळजी करू नको. भूकंपानंतर जमीन आता फारशी हलत नाही. तंबूत थंडी लई, पण घोंगडी पुरते. आईचा खोकला थांबला का?

इथं एक संस्था लाकूड पुरवते, दुसरी डाळ शिजवते, ट्रकवाले गावोगावच्या कडक भाकऱ्या आणतात आणि आम्ही मास्तर मंडळी त्या वाटून देतो. कुठली भाकरी कुणाच्या घरची, कुणालाच कळत नाही.

काल आपल्या लोहारा गावाहून आलेलं गाठोडं सोडलं. एका भाकरीवर तुझ्या वाकड्या करंगळीचा ठसा दिसला. वाटणाऱ्यानं त्यातलं खायचं नाही, असा नियम आहे. घर पडलेल्या एका म्हाताऱ्याला ती दिली आणि त्याचं खाऊन होईस्तोवर समोर बसून राहिलो.

पुढच्या खेपेला करंगळी जरा जोरात दाब.

अंबादास