कोंबडी फार्मवर आत गेलेल्या भावाबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
पोलीस ठाणे.

विषय: आमदारसाहेबांच्या कोंबडी फार्मवर कामाला गेलेला अर्जदाराचा थोरला भाऊ परत न आल्याबाबत.

संदर्भ: याच विषयावरचा पहिला अर्ज, जो आपण ठेवून घेतलात आणि पोच दिली नाहीत.

महोदय,

आपण अर्जदाराची तक्रार नोंदवली नाहीत, ती आमदारसाहेबांना फोनवर वाचून दाखवलीत. हे कळलं, कारण त्याच संध्याकाळी फार्मचा मॅनेजर अर्जदाराच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आला आणि त्याने अर्जातली वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली. जाताना म्हणाला, “छान लिहितोस रे. हात जप.”

२. आमदारसाहेब पहिल्यांदा मतांसाठी हात जोडून दारोदार फिरले तेव्हा त्यांची एकच शेड होती, तीही गळकी. पाच वेळा निवडून आले. दर खेपेला शेडा वाढल्या, हात जोडणं कमी झालं. आता टेकडीपर्यंत पत्रेच पत्रे. हे ठाणंही त्यांच्याच निधीतून उभं राहिलं. त्यांच्या नावाची पाटी आपल्या खुर्चीच्या मागेच आहे.

३. रोग आत जाऊ नये म्हणून तिथे कामगाराने फाटकाजवळच्या खोलीत स्वतःचे कपडे उतरवून, अंघोळ करून, फार्मचा निळा पोशाख घालायचा. कोंबड्या विकल्या जाईपर्यंत बाहेर यायचं नाही. कोंबड्या गेल्या, शेड धुऊन झाली, भाऊ आला नाही. मॅनेजर म्हणतो, “भांडून निघून गेला.” अर्जदार त्या खोलीत घुसला तेव्हा भावाचा शर्ट, पँट खुंटीला आणि चपला खाली तिथेच होत्या. निळा पोशाख फाटकाबाहेर नेऊ देत नाहीत. मग भाऊ काय नागडा गेला? पहिला अर्ज देताना हे ऐकून आपले हवालदार हसले. हसून झाल्यावर उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

४. परवा अर्जदार पुन्हा त्या खोलीत गेला. खुंटी रिकामी, भिंतीला ताजा चुना.

५. काल साहेबांनी स्वतः वहिनींना फोन केला: “ताई, नवऱ्याच्या जागी तुम्ही या. राहायची सोय आतच आहे.” वहिनी हो म्हणाल्या. अर्जदाराने हातापाया पडून पाहिलं. त्या म्हणतात, “भावजी, पोलीस आत जात नाहीत ना? मग मी जाते.”

वहिनी सोमवारी सकाळी आत जाणार. त्याआधी आपण फार्मची झडती घेणार की नाही? हो किंवा नाही, आपल्या सहीनिशी लिहून द्या. उत्तर मिळेपर्यंत अर्जदार ठाण्याच्या पायरीवरून उठणार नाही.

आपला, नम्रपणा संपलेला,
अर्जदार (सायकल दुरुस्तीवाला)
शनिवार