गाऱ्हाणे चौकीत घालायचे नसते

३ फेब्रुवारी, सोमवार
पीआय साहेबांनी मीटिंग घेतली. पोलीस आता पब्लिक फ्रेंडली. लोकांच्या घरी जायचे, बसायचे, त्यांचे ऐकायचे. मार्चअखेर ज्याच्या बीटवर सर्वांत कमी कंप्लेंट, त्याचा एसपी साहेबांच्या हस्ते सत्कार. मनात म्हटले, नाव आत्ताच लिहून टाका. इब्रामपूरच्या बाजूच्या या चौकीवर मी इतकी वर्षे हवालदार आहे. इथले कुत्रेसुद्धा मला ओळखते.
संकल्प: उद्यापासून बीट पायी फिरणार. पोटही उतरेल.

४ फेब्रुवारी
पायी निघालो. देवळापर्यंत गेलो. ऊन फार. एक स्कूटरवाला बिनहेल्मेटचा दिसला. थांबवून समज दिली आणि त्याच्याच मागे बसून चौकीवर परत आलो. पब्लिकशी चांगला संवाद झाला.

६ फेब्रुवारी, सकाळ
यशोदाकाकी आली. एकटी बाई, नवरा गेलेला. विहिरीच्या पाण्यावर मिरची आणि तांबडी भाजी करते, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेऊन विकते, त्यावरच घर. तिच्या विहिरीवरचा पंप चोरीला गेला. मी उंडो-भाजी खात होतो, ते संपेपर्यंत ती उभी राहिली. मग खुर्ची दिली.
म्हणाली, हवालदारानू, माका गाऱ्हाणा घालूचा आसा. मला लगेच विनोद सुचला. म्हटले, काकी, गाऱ्हाणे देवळात घालायचे असते, चौकीत नव्हे. कॉन्स्टेबल गौरेश हसला. काकी हसली नाही. म्हणाली, मगे कंप्लेंट लिवन घेवा.
म्हटले, कागद कशाला, मी पर्सनली लक्ष घालतो. लिहिले की आकडा वाढतो, हे तिला सांगून काय उपयोग. चहा पाजून पाठवली.

७ फेब्रुवारी
तपास सुरू. भंगारवाल्याला फोन केला. उचलला नाही. संशयास्पद आहे. सोमवारी बघू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सुमंगलाला घेऊन म्हापशाला गेलो. यशोदाकाकीच्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. सुमंगला म्हणाली, काकी मागच्या शुक्रवारीही नव्हती. म्हटले, वय झाले, विश्रांती घेत असेल. बायको पिशवी उचलून पुढे चालू लागली. पोलिसाची बायको असून तिला अशा गोष्टींचे आकलन कमीच.
भंगारवाला राहिला.

२० फेब्रुवारी
काकी पुन्हा आली. कळशीने पाणी घालून कंबर मोडली, मिरची करपायला लागली, म्हणाली. तपास चालू आहे, म्हटले. कसला, विचारते. गोपनीय असतो, म्हटले. मग उठली आणि विचारले, त्या दिसा सांगलात ता खरा मा? गाऱ्हाणा देवळात घालूचा? म्हटले, अगदी खरे.
गेली. एकंदरीत समाधानी वाटली.

२८ फेब्रुवारी
महिन्यात कंप्लेंट झीरो. पीआय साहेबांचा फोन, शाबासकी. गौरेश म्हणतो, लोक चौकीवर येतच नाहीत. अरे, तेच तर यश आहे. कोणाचे नारळ जातात, कोणाची बॅटरी जाते, पण कानावर येते ते चहाच्या दुकानातून. चौकीत कोणी कुरकुर करत नाही. देवळात मात्र गर्दी वाढली आहे म्हणे. लोक धार्मिक होत आहेत. गुन्हे कमी होण्याचे हेही एक कारण असावे. साहेबांना सांगायला हवे.

१३ मार्च
शिगम्याचा पहिला दिवस, बंदोबस्त माझा. युनिफॉर्मला कडक इस्त्री. सगळा गाव देवळापुढे. देवळाचे मानकरी जयराम गावकर हात जोडून गाऱ्हाणे घालायला उभे राहिले. ते देवाकडे मागणार आणि गावाने एका आवाजात व्हय म्हाराजा म्हणायचे. हे माझ्या तोंडात लहानपणापासून बसलेले. शिवाय आवाज माझा बरा आहे. पोरांक शिक्षणात यश दी. व्हय म्हाराजा. गुरांवासरांक सुखी ठेव. व्हय म्हाराजा. यशोदेचो पंप ज्या कोणी नेलो आसात, तेका सुबुद्धी दी. व्हय म्हाराजा.
आणि चौकीतल्या आमच्या हवालदाराक आयकाक कान दी.
मी सर्वांत मोठ्याने म्हटले, व्हय म्हाराजा.
एकट्यानेच म्हटले. गाव गप्प होता. माझ्या तोंडावर म्हणायला लोकांना संकोच वाटला असेल. कोणी हसले असते तर बरे झाले असते. काकी खांबाजवळ उभी होती, तिने खाली बघितले. माझ्यासाठी तिला लाज वाटली, असे मला वाटते.

त्याच दिवशी, घरी
सुमंगलाला म्हटले, आज गावाने देवाकडे माझ्यासाठी मागणे केले. ती म्हणाली, कळले मला. आणि भाकरी वाढून आत गेली. मला जेवण गेले नाही. मला खरोखरच लाज वाटते आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.
संकल्प: उद्याच काकीची कंप्लेंट लिहून घेणार. पीआय साहेबांना खरे काय ते सांगणार.

१४ मार्च
सुट्टी.

२० मार्च
गौरेशने सांगितले की काकीचा पंप कोणीतरी गुपचूप विहिरीवर आणून ठेवला. देवाला घाबरला. मला कोणी घाबरले नव्हते. रजिस्टर घेऊन निघालो, पायी, पूर्ण वाट. मळ्यात पंप चालू होता, पण अर्ध्याअधिक मिरचीच्या काटक्याच उरल्या होत्या. म्हटले, काकी, कंप्लेंट लिहायला आलो. म्हणाली, पंप इलो. मिरची गेली, ती खंय लिवतलास?
तिने हातावर प्रसादाच्या नारळाचा तुकडा ठेवला. रागावली नव्हती. म्हणाली, देवान एक गाऱ्हाणा आयकला. एक रवला.
रजिस्टर कोरेच परत आणले.

२६ मार्च
पीआय साहेबांचा फोन. माझाच बीट पहिला. सांगायला तोंड उघडले. ते म्हणाले, भाषण छोटे ठेव. ठीक आहे म्हटले. स्टेजवरच सगळे सांगेन, तिथे जास्त प्रभाव पडेल.

३१ मार्च
सत्कार झाला. शाल, नारळ. एसपी साहेबांनी माइकवर विचारले, लोकांचा एवढा विश्वास कसा मिळवला? मी म्हटले, लोकांचे ऐकतो. टाळ्या पडल्या.
घरी जाववेना. नारळ घेऊन देवळात गेलो, देवापुढे ठेवला, हात जोडले. गाऱ्हाणे घालायचे होते. कसेबसे मनातले सगळे बोललो आणि सवयीने थांबलो.
व्हय म्हणायला मागे कोणी नव्हते.