धूर करू नये

५ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प, पाच दिवस उशिरा: अंगणातला आंबा तोडायचा. कारणं तीन. मोठी फांदी छपरावर आली आहे आणि वादळ सांगून येत नाही. चार वर्षं मोहोर नाही. पानं झाडताना आईची, नानायची, कंबर धरते.
वडील, आमचे ताताय, जाऊन आठ महिने झाले, त्याचा इथे काही संबंध नाही. मुद्दाम लिहून ठेवते, कारण लोक तसं म्हणणारच.
बुंध्यावरच्या खिळ्याला त्यांची टोपी अजून लटकते आहे. काढायला हवी. उद्या.

७ जानेवारी
वनखात्याचा अर्ज आणला. झाडाच्या स्थितीला तीन चौकटी: मृत, रोगट, अनुत्पादक. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या हातून खोटं लिहिलं जाता कामा नये. अर्धा तास विचार करून ‘अनुत्पादक’वर खूण केली.
जमीन नानायच्या नावावर, म्हणून सही तिची. न वाचता सही घेणं बरं नव्हे, म्हणून सगळा अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. अनुत्पादक म्हणजे काय, तिने विचारलं. म्हटलं, फळ येत नाही असं. “एवढंच ना?” म्हणाली, आणि मी शिकवलेली सही जीभ बाहेर काढून केली. दुसरा प्रश्न नाही. म्हणजे पूर्ण संमती.

११ जानेवारी
शेजारचे नोंग तेम्यो (वयाने मोठा तो नोंग) कुंपणावरून म्हणाले, “इंदाय, झाड उतरवायला मी आहे की! तुझ्या बापाबरोबर चाळीस वर्षं चढलोय.” अनवाणी चढतात, दोर कमरेला नाही. मी सुरक्षिततेबद्दल थोडक्यात (वीस मिनिटं) समजावलं. ते म्हणाले, “बाई गं, एवढ्या वेळात मी चढून उतरलो असतो.”
तोडायला समुद्रापलीकडच्या इलोइलोचे नोंग एदसेल ठरवले. हेल्मेट, पट्टे, प्रशिक्षणाचा दाखला. दाखल्यावरची तारीखही तपासली.
टोपी राहिली. मुलांच्या वह्या तपासायच्या होत्या.

१४ जानेवारी
नोंग एदसेल बोटीने येऊन पाहून गेले. बुंध्यावर बोटांनी टकटक केली, कान लावला. म्हणाले, “मिस, हा माझ्यापेक्षा धडधाकट आहे. छपरावरची तेवढी फांदी काढतो. पण धुरी कोण देत होतं याला?”
सांगावं लागलं. ताताय दर डिसेंबरात दोन आठवडे झाडाखाली ओला पालापाचोळा जाळायचे, दिवसभर. खोकायचे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आरोग्याचा धडा नुकताच झाला होता. पुठ्ठ्यावर ‘धूर करू नये’ असं लिहून मी तो बुंध्याला ठोकला. तातायना वाचता येत नव्हतं. “इंदायने लिहिलंय,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि त्याच खिळ्याला टोपी अडकवायचे. पुन्हा कधी धूर केला नाही. खोकला तसाच राहिला. गेले ते किडनीने.
“मग मोहोर कुठून येणार?” नोंग एदसेल म्हणाले. “हे आंबे धुराने जागे होतात. तुम्ही याला चार वर्षं झोपवून ठेवलंत.”
माणूस दोराच्या कामात उत्तम असावा. झाडांच्या शास्त्रात कच्चा वाटतो. कृषीच्या पुस्तकातही धुराचं तसंच दिलं आहे, पण आवृत्ती जुनी आहे.
तोडायचं म्हणजे तोडायचं, असं त्यांना सांगितलं.

१६ जानेवारी
शाळेतून आले तर नानायच्या कपड्यांना धुराचा वास. मासे भाजले म्हणाली. जेवायला भाजी होती. मासे तेम्योंकडे दिले असतील. दानशूर आहे.

२० जानेवारी
वनखात्याचे साहेब पाहणीला आले. फळ येतं का, म्हणून नानायला विचारलं. ती म्हणाली, “अजून नाही.” मी दुरुस्ती केली: “येत नाही.” त्यांनी माझं लिहून घेतलं. शिक्षणाचा उपयोग असा होतो.
परवाना मिळाला. मुदत ३१ पर्यंत.

२६ जानेवारी
नानायचे डोळे लाल, पाणी वाहतंय. डोळे आले असणार. शाळेतही साथ आहे. थेंब आणले. निमूट घालून घेतले. पुन्हा तो वास. परसात राख दिसली. ती म्हणाली, कचरा जाळला. पाटीकडे बोट दाखवून मी आठवण करून दिली. नुसती मान हलवली.

२९ जानेवारी
नानाय म्हणाली, “दोन आठवडे थांबता येईल का गं?” मुदतीचा कागद दाखवला. पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी, साहेबांचा वेळ. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “बरं. तू शिकलेली आहेस.”
तिला पटलं याचं समाधान वाटलं. जेवण मात्र गेलं नाही. परवा टोपी नक्की काढायची.

३१ जानेवारी, सकाळी ८
नोंग एदसेल हेल्मेट घालून आले, आणि बुंध्यावर हात ठेवून, झाडात राहणाऱ्यांनी वाट द्यावी म्हणून “ताबी-ताबी” पुटपुटले. दाखलेवाल्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.

९.४०
वरून ओरडले, “मिस, शेंड्यांना डोळे फुगलेत! थांबू का?” मी खालून पाहिलं. ऊन डोळ्यांत, काही दिसलं नाही. नवी पालवी असेल. ताताय असेच दर गोष्टीला विरघळायचे. मी तशी नाही. करवत चालू ठेवा म्हटलं.
नानाय घरात. दार लावून.

१२
पडलं. नोंग एदसेलनी टोपी आणून हातात दिली. आत तातायच्या केसांच्या तेलाचा डाग आहे. वास अजून येतो.

संध्याकाळी ५
पालवी नव्हती.
आडव्या पडलेल्या फांद्यांना, जवळजवळ प्रत्येक शेंड्याला, बोटभर मोहोर. लालसर, अजून मिटलेला. मी मोजायला लागले. साठाच्या पुढे नजर ठरेना.
बुंध्याच्या मागच्या अंगाला, झाकायला टाकलेल्या झावळ्यांखाली, राखेचा ढीग. रोज मी शाळेला निघाले की नानाय पाला पेटवायची आणि मी यायच्या आत विझवायची. मागच्या अंगाला का, मी विचारलं. “पुढे तुझी पाटी होती ना,” म्हणाली.
मला का नाही सांगितलंस?
“तूच म्हणालीस, फळ नाही म्हणून तोडायचं. म्हटलं, मोहोर दिसला की तू आपणच थांबशील.”
मग काल? आज? ओरडायचं होतंस.
ती अंगणात उतरली. एक डहाळी उचलली, बादलीत पाणी घेतलं, तातायच्या फोटोजवळ ठेवली.
कुंपणापलीकडून नोंग तेम्यो बघत होते. त्यांनीही टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

४ फेब्रुवारी
बादलीतली डहाळी काल थोडी उमलली. आज गळते आहे. टोपीला जागा नाही. खुर्चीवर ठेवते, कोणी बसलं की उचलते.
काम पूर्ण झाल्याचा अहवाल दिला होता. ‘तोडतेवेळी झाडाची स्थिती’ यापुढे खरं तेच लिहिलं: मोहोरावर होतं.
आज परत आला. शेरा: तीनपैकी एका चौकटीत खूण करावी.
नानायला वाचून दाखवलं. कुठे करू, विचारलं.
ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “मला काय कळतंय इंदाय. तू शिकलेली, तूच बघ.”