नळाखालचं पातेलं

मंगळवार, ४ ऑक्टोबर

पेटी आली. कुलूप शाबूत. आत पाच पातळं, देवांचा डबा, पोळपाट-लाटणं, यांची तसबीर — काच धड आहे. वाहतूक अकरा, हमाली चार. चार! घासाघीस करायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, इथली भाषाच येत नाही. हमाल हसला, मीही हसले. तेवढ्यात तो पैसे घेऊन गेलासुद्धा.

तसबीर कपाटावर ठेवली. हे गेले त्याला वर्ष होईल. तिकडची खोली सोडली, भांडीकुंडी वाटून टाकली. आता मुलाचं घर तेच माझं. नीट राहायचं. कुणाला जड व्हायचं नाही.

बुधवार, ५ ऑक्टोबर

लिफ्टमध्ये एकटी चढायचा धीर होत नाही. चार मजले पायी. मुलगा म्हणतो, "आई, लिफ्टला तिकीट नाही गं."

सूनबाई दाताच्या दवाखान्यात आहे. फोन घेते, लोकांना वेळा देते. दमून येते, तरी आज मला बाजार दाखवून आणला. रस्ता एवढा रुंद, अर्ध्यावर पोचले की समोरचा दिवा बदलतो. मी तिचा पदर धरायला गेले — पदर कुठला, कोटाची बाही हाताला आली. म्हणाली, "धरा आई, फाटेपर्यंत धरा. जुनाच आहे." मनात उगाच किंतु घेऊन आले होते मी. पोर चांगली आहे.

कोबी, बटाटे, दूध — सहा. दूध महाग.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

जिन्यापाशी कागद चिकटवलाय. सूनबाईने वाचून सांगितलं, उद्या सकाळी दुरुस्तीसाठी पाणी बंद. मुलाला माझ्या कागदपत्रांसाठी मला कचेरीत न्यायचंय. लवकर उठायचं.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

काय लिहू?

सकाळी निघताना स्वयंपाकघरात गेले. नळ कोरडा. हाताने आपोआप केलं ते — मोठं पातेलं नळाखाली लावलं आणि नळ उघडा ठेवला. जन्मभर असंच केलंय. पाणी आलं की आवाजाने कळतं, आणि नाही कळलं तरी पातेलं भरतं. आपल्याकडे नळाला पाणी असतंच किती, वाहून जायला? मग मुलाबरोबर बाहेर पडले. सूनबाई केस विंचरत होती, आमच्यानंतर निघाली.

दुपारी परतलो तर जिन्यात माणसं. पातेलं ओट्यातल्या मोरीच्या भोकावर बसलेलं. पाणी ओट्यावरून खाली, जमिनीतून खालच्या मजल्यावर. तिथे शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. कुणाच्या तरी लग्नाचा पांढरा पोशाख टेबलावर पसरलेला होता. छतातून गळलेल्या पाण्याने त्यावर तपकिरी डाग पडले. बाई रडत नव्हत्या. कापड हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या.

संध्याकाळी सूनबाई आली. मुलाने दारातच गाठलं. "शेवटी कोण निघालं घरातून?"

"मी. पण मी स्वयंपाकघरात गेलेच नाही."

"मग नळ काय आपण होऊन उघडला? डोकं कुठे असतं तुझं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी हातातल्या ताटाकडे पाहिलं.

शनिवार, ८ ऑक्टोबर

देवापुढे बसले. दिवा लावला. जप सुरू केला आणि मणी कितवा ते कळेना. माळ ठेवून दिली.

आज सांगेन असं ठरवलं होतं. मुलगा चहा पिताना म्हणाला, "बरं झालं आई, तू आहेस. तुझ्या हाताला वळण आहे. हिला काही सांगून उपयोग नाही." माझ्या तोंडातला शब्द तिथेच राहिला. आल्या आल्या घरात पूर आणला, असं कोणत्या तोंडाने सांगू? म्हातारीला ठेवायचं कुठे, हा विचार उद्या त्याच्या मनात आला तर? तिकडे आता दार उघडायलाही कुणी नाही.

हे सगळे बहाणे आहेत. लिहिल्यावर कळतं.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

सूनबाई रोज दवाखान्यातून परस्पर खाली जाते. बाईंना नवा पोशाख शिवून द्यायचाय, लग्न रविवारी. ही काठ दुमडते, टाके उसवते. रात्री जेवायला बसली तेव्हा बोटाला चिंधी होती. मी विचारलं, "लागलं का गं?" म्हणाली, "सुई आहे, टोचणारच."

मुलगा म्हणाला, "चुकीची भरपाई चाललीय."



बुधवार, १२ ऑक्टोबर

हिशेब लिहिला नाही. दोन दिवसांचा राहिलाय.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

आज मीच तिच्याबरोबर खाली गेले. शिवण येते मला, चार बायकांच्या चोळ्या शिवल्यात. बाईंची खोली लहान, छताला अजून ओल आहे, मांडवासारखे टांगलेले कपडे आणि मधे यंत्र. बाईंनी लगबगीने उठून त्यांची स्वतःची खुर्ची मला दिली. वयाचा मान. मग सुनेकडे बोट दाखवून काहीतरी बोलल्या. "काय म्हणतात?" मी विचारलं. सूनबाई खाली मान घालून म्हणाली, "म्हणतात, सासूबाई नशीबवान. सून चूक कबूल करणारी मिळाली."

कबूल करणारी! म्हणजे खाली येऊन तिने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. हातातला दोरा ओवला जाईना. डोळ्यांचा दोष म्हणून बाईंनी ओवून दिला.

जिन्यात मी थांबले. म्हटलं, "तुला ठाऊक आहे."

"पहिल्या दिवसापासून. ते पातेलं मी नळाखाली कधी लावत नाही, मोरी बंद होते."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

रागाने बोलली असती तर बरं वाटलं असतं. नुसतं सांगितलं, दवाखान्यात कुणाला वेळ सांगावी तसं.

रविवार, १६ ऑक्टोबर

पोशाख वेळेत गेला. देवाची कृपा म्हणायला जीभ रेटत नाही, कष्ट दुसऱ्याचे.

जेवायला तिघं बसलो आणि मी सांगितलं. घास बाजूला ठेवून, स्पष्ट. "नळ मी उघडा ठेवला. पातेलं मी लावलं. हिचा काही संबंध नाही."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग हसला! "आई, पुरे. तिला वाचवायला गोष्टी रचू नकोस."

"अरे, लहानपणी तूच नव्हतास का नळाच्या आवाजाने उठत? बादल्या भरायला?"

"तिकडची गोष्ट वेगळी. तू इथे असं करणार नाहीस, मला माहीत आहे." आणि बायकोकडे वळून, "बघ. आई अशी आहे. शीक काहीतरी."

पटलं होतं त्याला. डोळ्यांत दिसलं मला, माझं लेकरू आहे ते. पण खरं मानलं तर बायकोची माफी मागावी लागली असती. त्यापेक्षा आईला थोर करणं सोपं. आणि हे वळण त्याला कुणी लावलं? आठ दिवस ताटाकडे बघत मीच ना!

सूनबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग ताटं उचलायला उठली. मी म्हटलं, "राहू दे, मी घासते." म्हणाली, "नको आई. नळ मी बंद करते."

सोमवार, १७ ऑक्टोबर

लिफ्टने एकटी खाली गेले. बाईंच्या दाराशी उभी राहिले. भाषा नाही, म्हणून आत जाऊन त्यांच्याच मोरीत त्यांचं भांडं ठेवून, नळाला हात लावून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. दोनदा. त्यांना कळलं. खुर्ची दिली नाही आज. बरं वाटलं.

गुरुवार, २० ऑक्टोबर

सूनबाई गेली. मंगळवारी कामावर गेली ती आलीच नाही. दुसऱ्या गावी मैत्रिणीकडे आहे एवढं दवाखान्यातून कळलं. मुलगा दोन दिवस खोलीत बसून आहे, नळ टपकला तरी दचकतो. आज मी तिला पत्र लिहिलं, उघडंच त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं, खाली काहीतरी दोन ओळी लिहिल्या, मला दाखवल्या नाहीत, आणि दवाखान्याच्या पत्त्यावर, ते पुढे तिला धाडतील म्हणून, स्वतः टपालात टाकून आला. मी लिहिलं ते एवढंच — परत ये म्हणायचा हक्क मला नाही. तो मागेल ती माफी त्याची, ही माझी वेगळी. थंडी वाढलीय आणि तुझा कोट इथेच खुंटीला आहे. कुठे पाठवू, तेवढं उलटटपाली कळव.